मॉरिशसला गेलेला खापरपणजोबा शोधताना: आधी क्रमांक, मग गाव

दर हिवाळ्यात मॉरिशसहून कुणी ना कुणी कोकणात येतं. हातात एक नाव असतं, मनात 'रत्नागिरी' हा शब्द असतो आणि परतीचं तिकीट आठ दिवसांनंतरचं असतं. ते थेट गाव शोधायला निघतात आणि बहुतेक जण रिकाम्या हाताने परत जातात. त्यांना मदत करणारे इथले मित्र-नातेवाईकही तेच करतात. गुगलवर आडनाव टाकतात, फेसबुकवर 'या आडनावाचं कुणी आहे का' म्हणून विचारतात. चूक मेहनतीत नसते, क्रमात असते. हा शोध मॉरिशसमध्ये, तिथल्या कागदांवर सुरू होतो. गाव हा त्यातला शेवटून दुसरा टप्पा आहे.

हा लेख 1834 नंतर करारावर मॉरिशसला गेलेल्या मजुरांच्या, म्हणजे गिरमिटियांच्या शोधाबद्दल आहे. मुंबई बंदरातून गेलेले मराठी लोक हा त्यातला छोटा हिस्सा. कलकत्ता आणि मद्रासहून कितीतरी जास्त लोक गेले. आपल्या लोकांची मोठी भरती 1843 नंतरच्या दोन-तीन दशकांतली. आजच्या पिढीपासून मोजलं तर सहा-सात पिढ्या मागे. तेवढं अंतर एका उडीत कापता येत नाही.

निघण्यापूर्वी: तीन गोष्टी ठरवा

एक, कोणत्या पूर्वजाचा शोध घ्यायचा ते पक्कं करा. 'आमचं घराणं' शोधता येत नाही, एक माणूस शोधता येतो. सहा पिढ्या मागे तुमचे चौसष्ट पूर्वज असतात. ते सगळे मराठी असतील असंही नाही, सगळे एकाच जहाजाने आले असतील असं तर नाहीच.

दोन, उद्देश ठरवा. नुसती उत्सुकता असेल तर साध्या प्रती चालतील. ओसीआय कार्डासाठी, म्हणजे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाला भारत सरकार देतं त्या कार्डासाठी, कागद हवे असतील तर प्रत्येक पिढीचा प्रमाणित दाखला लागेल. मार्च 2025 मध्ये भारताने मॉरिशसच्या सातव्या पिढीपर्यंत ओसीआय देण्याचं जाहीर केल्यापासून अनेकांनी घाईने कागद गोळा केले. त्यात पिढीतला एखादा दाखला सुटला की सगळी साखळी तुटते.

तीन, एक वही घ्या. प्रत्येक पिढीला एक पान. पानावर नाव जसं कागदावर आहे तसंच लिहा, दुरुस्त करू नका. 'भिवाजी' असणार हे तुम्हाला कळलं तरी कागदावर 'बिवाजे' असेल तर 'बिवाजे'च लिहा. पुढच्या कार्यालयातला कारकून तोच शब्द शोधणार आहे.

टप्पा 1: घरातली माणसं आणि घरातला पत्र्याचा डबा

म्हाताऱ्या माणसांना 'आपण कुठून आलो?' असं विचारू नका. त्याचं उत्तर 'बॉम्बे' किंवा 'रत्नागिरी' असं येतं आणि तिथेच गाडी अडते. बारीक प्रश्न विचारा. आजोबा कोणत्या साखर-इस्टेटीवर कामाला होते? आजीला माहेरी काय हाक मारत? तिचे भाऊ किती? आजोबांना अग्नी कुठे दिला? घरात देव कोणता, त्याला नैवेद्य काय? गणपतीत जाखडी कुणाच्या दारात नाचायची? हा नाच मॉरिशसमध्ये 'झाकरी' म्हणून टिकला आहे, आणि तो कोकणातलाच. त्यावरून घाटावरचे की कोकणातले एवढा अंदाज बांधता येतो. त्यापेक्षा जास्त नाही.

मग डबा उघडा. जुने दाखले, जमिनीचे खरेदीखत, इस्टेटीची पावती आणि, नशीब असेल तर, मजुराचं तिकीट. 1867 च्या कायद्यानंतर करार संपलेल्या मजुरालाही फोटो लावलेलं तिकीट जवळ बाळगावं लागे. ते नसलं की भटका ठरवून पोलीस पकडत. म्हणून लोक ते जिवापाड जपत, आणि म्हणूनच ते काही घरांत अजून सापडतं.

*तपासा:* सगळ्यांत जुन्या, मॉरिशसमध्येच जन्मलेल्या पूर्वजाचं नाव, त्याच्या आईचं नाव आणि जिल्हा एवढं मिळालं का? नसेल तर पुढे जाऊ नका. आणखी दोन घरी जा.

टप्पा 2: दाखल्यांची साखळी, एकेक पिढी मागे

आता मॉरिशसच्या सिव्हिल स्टेटस कार्यालयातून जन्म, लग्न आणि मृत्यूचे दाखले काढायचे. स्वतःपासून सुरुवात करून मागे जायचं. नोंदी जिल्हावार असतात. पोर्ट लुई, पाम्प्लमूस, रिव्हिएर द्यु राम्पार, फ्लाक, ग्रां पोर, साव्हान, प्लेन विल्हेम्स, मोका, ब्लॅक रिव्हर असे नऊ जिल्हे. मराठी वस्ती पश्चिमेला ब्लॅक रिव्हरकडे आणि व्हाकोआच्या आसपास जास्त, म्हणून जिल्हा माहीत नसेल तर तिथून सुरू करा.

प्रत्येक पिढीचे तिन्ही दाखले काढा. लोक पैसे वाचवायला फक्त जन्माचा काढतात. पण आई-वडिलांची नावं सर्वांत नीट असतात ती लग्नाच्या नोंदीत, आणि वय सर्वांत चुकीचं असतं ते मृत्यूच्या नोंदीत. तीन कागद एकमेकांसमोर ठेवले की खोटं आपोआप दिसतं.

या टप्प्यावर सर्वांत जास्त लोक अडतात ते आडनावामुळे. गिरमिटियाला रजिस्टरमध्ये आडनाव नसे. त्याचं नाव आणि बापाचं नाव, बस्स. पुढे मुलांच्या जन्माच्या नोंदीत त्याचं पहिलं नावच आडनाव बनलं. समजा रामाचा मुलगा सोनू बोटीने आला. त्याचा मुलगा गोविंद 'गोविंद सोनू' झाला आणि आजही पणतू 'सोनू' हेच आडनाव लावतात. म्हणजे तुमचं आजचं आडनाव हे बहुधा त्या माणसाचं नाव आहे, आणि रत्नागिरीच्या मतदारयादीत ते आडनाव म्हणून शोधणं फुकट आहे. कधी मधल्या पिढीत आडनाव बदलतं, दोन भावांची दोन आडनावं होतात. एकाने बापाचं नाव लावलं, दुसऱ्याने आजोबांचं.

दुसरा खड्डा लग्नाचा. देवासमोर लागलेलं लग्न बराच काळ तिथल्या कायद्याच्या लेखी लग्नच नव्हतं. त्यामुळे मुलांची नोंद 'नैसर्गिक संतती' म्हणून, अनेकदा आईच्या नावाने झाली. वडिलांचं नाव नाही म्हणून घाबरू नका आणि काही लपवलं जातंय असंही समजू नका. आईचं नाव घेऊन शोधा. बापाने नंतर मुलाला कबूल केल्याची नोंद समासात असू शकते, म्हणून नुसता उतारा न घेता मूळ नोंदीची पूर्ण प्रत मागा.

*सावधान:* एकच नाव, एकच जिल्हा, एकच दशक. 'रामा' हे नाव असलेली तीन-चार माणसं सहज निघतात. आईचं नाव जुळल्याशिवाय पान भरू नका.

टप्पा 3: क्रमांक पकडा

साखळी मागे नेत नेत तुम्ही अशा नोंदीपाशी पोचाल जिथे बाप किंवा आई भारतात जन्मलेली आहे. या नोंदीत नावापुढे एक आकडा दिसतो. कधी पाच, कधी सहा अंकी. तोच स्थलांतरित क्रमांक. बंदरावर उतरताना प्रत्येक माणसाला तो मिळायचा आणि मरेपर्यंत इस्टेट, पोलीस, दवाखाना, लग्न सगळीकडे तोच चालायचा. सरकारला नावापेक्षा तो महत्त्वाचा होता. तुम्हालाही तो नावापेक्षा महत्त्वाचा आहे.

हे लक्षात घ्या की मॉरिशसमध्ये जन्मलेल्या मुलाला हा क्रमांक नसायचा. आजोबांच्या कागदावर तो सापडला नाही म्हणून लोक निराश होतात. आजोबा तिथेच जन्मलेले असतील तर तो सापडणारच नाही. आणखी एक पिढी मागे जा.

आकडा वाचताना एकेक अंक तपासा. फ्रेंच वळणाच्या हस्ताक्षरात एक आणि सात, तीन आणि पाच सहज फसवतात. क्रमांक येणाऱ्यांच्या क्रमाने वाढत गेले, त्यामुळे आकड्यावरून साधारण काळ ठरतो. पहिल्या मुलाचा जन्म 1858 चा असेल आणि तुम्ही वाचलेला क्रमांक त्यानंतर आलेल्यांचा निघाला, तर एक अंक चुकला आहे. शंका असलेले सगळे पर्याय वहीत लिहून ठेवा.

एखादा माणूस करार संपवून गावी गेला आणि परत आला, तर त्याला नवा क्रमांक मिळाला. असं खूप घडलं. साधारण तिसरा हिस्सा लोक भारतात परतले आणि त्यांतले काही पुन्हा बोटीवर चढले. म्हणून एकाच माणसाचे दोन क्रमांक निघाले तर तो गोंधळ समजू नका. दुसऱ्या फेरीच्या नोंदीत बायको, भाऊ, गावातला सोबती असे जास्त धागे असतात.

क्रमांक कुठेच नाही? मग मृत्यूच्या नोंदी बघा, विशेषतः 1854 च्या पटकीच्या आणि 1866 ते 1868 च्या मलेरियाच्या साथीतल्या. त्या वर्षांत माणसं भराभर गेली आणि कुटुंबाच्या आठवणीतून थेट पुसली गेली. नाव हरवलेला खापरपणजोबा बऱ्याचदा तिथेच भेटतो.

टप्पा 4: मोका इथलं दप्तर

मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये भारतीय स्थलांतरितांची मूळ रजिस्टरं ठेवलेली आहेत. क्रमांक आणि दाखल्यांची साखळी घेऊन तिथे अर्ज करायचा. हे वाचनालय नाही. आपण जाऊन रजिस्टरं चाळू असं गृहीत धरू नका, शोध तिथले कर्मचारी घेतात. विमानाचं तिकीट काढण्याआधी पत्रव्यवहार करा.

अर्जात काय मागायचं ते स्पष्ट लिहा. 'माझ्या पूर्वजाची माहिती द्या' असं लिहिलं तर थोडकं उत्तर येतं. आगमनाची संपूर्ण नोंद सर्व रकान्यांसह, शेऱ्याचा रकाना, फोटो असल्यास त्याची प्रत, आणि त्याच जहाजातून त्याच गावचे आलेले लोक असतील तर त्यांचे क्रमांक मागा. शेवटची मागणी लोक कधीच करत नाहीत आणि तीच पुढे गावात सर्वांत उपयोगी पडते. एकटा माणूस क्वचित निघायचा, वाडीतले दोघे-चौघे एकत्र निघायचे.

फोटोबद्दल फार आशा धरू नका. फोटो काढायला सुरुवात झाली 1860 च्या दशकात. 1845 किंवा 1850 ला उतरलेल्या माणसाचा फोटो असेल तर तो नंतर, जुना मजूर म्हणून तिकीट घेताना काढलेला. म्हणजे पंचविशीतल्या तरुणाऐवजी पंचेचाळिशीचा थकलेला माणूस दिसेल.

टप्पा 5: नोंद वाचायची कशी

रकाने साधारण असे असतात: क्रमांक, नाव, बापाचं नाव, वय, जात, उंची, अंगावरची खूण, गाव, परगणा, जिल्हा, जहाज, तारीख, कोणत्या इस्टेटीला दिला, शेरा.

वय अंदाजे लिहिलेलं असतं, पाच वर्षं इकडेतिकडे धरा. जातीचा रकाना जपून वाचा. 'मराठा' हा शब्द कधी जातीसाठी, कधी भाषेसाठी, कधी नुसता 'मुंबईकडचा' म्हणून पडला आहे. कारकुनाला घाई होती आणि सांगणाऱ्यालाही कधी कधी खरं सांगायचं नव्हतं. त्यावरून आज कुणाचं सोयरेपण ठरवायला जाऊ नका. उलट उंची आणि अंगावरची खूण हे सर्वांत प्रामाणिक रकाने आहेत. कपाळावर देवीचे वण, डाव्या मनगटावर गोंदण. जुन्या तिकिटावर तीच खूण असेल तर माणूस तोच.

*तपासा:* बापाचं नाव, वय, इस्टेट आणि आगमनाचं वर्ष या चारपैकी निदान तीन गोष्टी टप्पा 2 मधल्या दाखल्यांशी जुळायला हव्यात. दोनच जुळत असतील तर तो दुसराच कुणी सोनू आहे. इथे मन घट्ट करा. सहा महिने शोधल्यावर मिळालेला माणूस सोडून देणं जड जातं, पण चुकीच्या सोनूचं गाव शोधणं त्याहून जड.

टप्पा 6: गावाचं नाव सोडवणं

हा टप्पा मराठी माणसाचा. मॉरिशसचा नातेवाईक इथपर्यंत एकटा येऊ शकतो, पुढे त्याला तुमची गरज आहे.

मराठी नाव सांगणारा कोकणी माणूस, ऐकणारा कधी इंग्रज, कधी फ्रेंच वळणाचा कारकून. 'ह' गळतो, म्हणजे हरीचा 'आरी' होतो. 'ळ' चा 'ल' किंवा 'र' होतो. 'च' आणि 'ज' च्या आधी उगीच त किंवा ड चिकटतो. शेवटचा अनुनासिक उच्चार उडतो. 'रत्नाघेरी', 'सावंत वारी', 'सत्तारा' असलं काही दिसलं तर मोठ्याने वाचा. डोळ्यांनी नाही, कानांनी सोडवायचं. वाचताना गावाकडच्या एखाद्या म्हाताऱ्याला शेजारी बसवलंत तर निम्मं काम होतं.

मग जुना भूगोल. आजचा नकाशा बाजूला ठेवा.

नोंदीत 'रत्नागिरी जिल्हा' असेल तर तो आजचा सिंधुदुर्गही असू शकतो, कारण सिंधुदुर्ग 1981 मध्ये वेगळा झाला. मालवण, देवगड, वेंगुर्ला तेव्हा रत्नागिरीतच होते. सावंतवाडी मात्र तेव्हा स्वतंत्र संस्थान होतं, तिथला माणूस इंग्रजी रत्नागिरीच्या कागदात शोधून सापडायचा नाही. 'कुलाबा' म्हणजे आजचा रायगड, मुंबईतला कुलाबा नव्हे. ही चूक मी चांगल्या शिकलेल्या माणसांनाही करताना पाहिली आहे. तालुक्यांची नावंही बदलली. त्या काळी सुवर्णदुर्ग, अंजनवेल, विजयदुर्ग हे तालुके होते. 'अंजनवेल' वाचून लोक थेट गुहागरजवळच्या त्या किल्ल्याच्या गावात जातात. प्रत्यक्षात नोंद तालुक्याची असते आणि माणूस चिपळूणकडचाही असू शकतो.

गावाच्या रकान्यात 'मुंबई' असेल तर तीही शेवटची पायरी समजू नका. गिरणीच्या आधीच्या काळातही कोकणी माणूस मुंबईत हमाली, खलाशीपणा करून मग बोटीवर चढायचा. आणि मुंबई बंदर म्हणजे मराठीच असंही नाही, गुजरात आणि कानडी मुलखातली माणसंही तिथूनच गेली.

एकाच नावाची गावं हा शेवटचा फास. शिरगाव घ्या. रत्नागिरीत आहे, चिपळुणात आहे, देवगडात आहे. मी एकदा चुकीच्या शिरगावात दोन दिवस घालवले. लोकांनी जेवू घातलं, देवळात नेलं, आणि पूर्वज होता दुसऱ्याच तालुक्यातला. तेव्हापासून परगण्याचा रकाना आधी आणि गावाचा नंतर वाचतो. परगणा वाचता येत नसेल तर जहाजातल्या सोबत्यांची गावं लावून बघा. चार गावं नकाशावर जवळजवळ पडली की मधलं शिरगाव तेच.

टप्पा 7: गावात जाताना

आधी अपेक्षा नीट करून घ्या. 1850 मध्ये निघून गेलेला माणूस गावच्या कागदात बहुधा नाही. जन्ममृत्यूची गावपातळीवरची नोंद नंतरची, जमिनीची मोजणी नंतरची, आणि 1880 चा खोती कायदाही नंतरचा. म्हणून त्याला शोधू नका, मागे राहिलेल्या त्याच्या भावाला आणि पुतण्याला शोधा. बापाचं नाव तुमच्याकडे आहेच.

कागद कुठे? तहसीलच्या अभिलेख कक्षात जुने फेरफार आणि, खोती गाव असेल तर, बोटखत, म्हणजे कुठली जमीन कुणाकडे त्याची जुनी नोंदवही. गाव नमुना 14 म्हणजे कोतवाल बुक, ज्यात जन्ममृत्यू आहेत. कुणबी नोंदी शोधण्याच्या मोहिमेमुळे 2023 पासून अशी बरीच जुनी पानं बाहेर निघाली, काही जिल्ह्यांच्या संकेतस्थळावरही आली. ती आधी घरबसल्या बघा. बहुतेक पानं मोडीत असतील. 'मला थोडी मोडी येते' म्हणणाऱ्यावर विसंबू नका. पुराभिलेख संचालनालय मोडीच्या परीक्षा घेतं, त्यातला उत्तीर्ण वाचक गाठा. मुंबईच्या राज्य पुराभिलेखागारातही स्थलांतराचा पत्रव्यवहार आहे, पण तो जहाजं, दलाल, तक्रारी यांचा. माणसाच्या नावासाठी तिथे पहिल्यांदा जाऊ नका.

आता सर्वांत महत्त्वाची सूचना. गावात पोचल्यावर आधी तलाठ्याकडे जाऊ नका. परदेशातून आलेला माणूस जुने सातबारे मागतोय ही बातमी तासाभरात वाडीभर होते, आणि त्याचा एकच अर्थ लावला जातो: जमिनीत हिस्सा मागायला आला. मग तोंडं बंद होतात. आधी देवळात जा, गुरवाला भेटा, वाडीतल्या जाणत्या माणसाच्या घरी चहा घ्या, आणि पहिल्याच वाक्यात सांगा: 'आम्हाला जमीनजुमला काही नको, आपलं घराणं कुठलं तेवढंच बघायचंय.' हवं तर कागदावर लिहून द्या. त्यानंतर 'आमच्यातला एक बोटीवर गेला तो आलाच नाही' ही गोष्ट कुणीतरी आपण होऊन सांगतं.

*सावधान:* ही गोष्ट कोकणातल्या शेकडो घरांत आहे. ती ऐकली म्हणजे नातं जुळलं नाही. आणि गाव प्रेमाने नातं जोडतं. सकाळी आलेल्या पाहुण्याला संध्याकाळपर्यंत चार चुलते मिळतात. नाव सांगण्याआधी त्यांना बोलू द्या. 'तुमच्यात सोनू रामा नावाचा होता का?' असं विचारलंत तर उत्तर 'होय' येणारच. 'गेलेल्याचं नाव काय, त्याच्या बापाचं काय, भाऊ किती?' असं विचारा आणि मग वही उघडा.

वाडीतली आठवण, एखादा लेखी कागद आणि मोका इथली नोंद या तिन्ही ठिकाणी बापाचं किंवा भावाचं नाव जुळलं तरच पान भरा. कागद नसेल तर तीर्थाच्या उपाध्यायांच्या वह्या बघा. नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूरला गावनिहाय नामावली असतात आणि यात्रेला गेलेला माणूस तिथे बापाचं, आजाचं नाव लिहून येतो. गेलेल्या भावाचं नावही कधी कधी त्यात लिहिलेलं असतं.

डीएनए चाचणीबद्दल हल्ली सगळे विचारतात. सहा पिढ्यांमागच्या एका पूर्वजाचा वाटा सरासरी दीड टक्का. त्यावरून गाव कळत नाही. दोन संशयित घरांपैकी कुणाशी रक्ताचं नातं आहे एवढंच, तेही जमलं तर, कळतं. शेवटी करायची गोष्ट आहे, सुरुवातीला नाही.

उलटा शोध: कोकणातून मॉरिशसकडे

इथल्या घरातून 'आमचा एक मॉरिशसला गेला' असा शोध घेणाऱ्यांना वरचा सगळा क्रम उलटा करता येत नाही, कारण रजिस्टर क्रमांकाने लावलेलं आहे, गावाने नाही. तुमच्याकडे गेलेल्याचं नाव, बापाचं नाव, तालुका आणि निदान दहा वर्षांचा पट्टा असेल तरच अर्ज करा. नाहीतर तिथल्या मराठी मंडळ्यांना गावाचं नाव आणि घरचा देव कळवून ठेवा. तिकडून कुणीतरी क्रमांक घेऊन तुमच्या गावाकडे निघालेला असण्याची शक्यता जास्त.

परत निघताना वंशवेलीची एक प्रत वाडीत ठेवा, मराठीत लिहिलेली, आणि तिच्यावर खापरपणजोबाच्या नावाशेजारी तो क्रमांक लिहायला विसरू नका.